टेन सिक्स्टी की फोर एटी?

२९ जून २०१६ रोजी एएमडीचं रेडिऑन आरएक्स ४८० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात उतरलं. वीसच दिवसांनी, १९ जुलैला, एनव्हिडियाने जीफोर्स जीटीएक्स १०६० आणलं. पुढची दोन-तीन वर्षं बेताच्या बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवायला बसलेल्या कुणाचीही ‘टेन सिक्स्टी की फोर एटी?’ या प्रश्नातून सुटका नव्हती.

पहिला डाव एएमडीचा. जूनच्या सुरुवातीला तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनाच्या वेळी कंपनीच्या ग्राफिक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख, मूळचे आंध्र प्रदेशचे राजा कोडुरी, यांनी ४८०ची किंमत १९९ डॉलरपासून सुरू होईल असं सांगून टाकलं. दोन ४८० जोडली की ती एनव्हिडियाच्या महागड्या जीटीएक्स १०८०ला मागे टाकतात, हेही एका गेमवर दाखवलं. गेम होता ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’, म्हणजे एएमडीच्या चिपांना आधीपासूनच मानवणारा. पण अशा समारंभात तेवढं खपून जातं.

कागदावर ४८०चं पारडं सरळसरळ जड होतं. २३०४ प्रोसेसर, ८ जीबी मेमरी, २५६ बिटांची बस, सेकंदाला २५६ जीबीची बँडविड्थ, ५.८ टेराफ्लॉप्स आणि किंमत २३९ डॉलर. १०६०कडे प्रोसेसर १२८०, मेमरी ६ जीबी, बस १९२ बिटांची, बँडविड्थ १९२ जीबी, टेराफ्लॉप्स ४.४च्या आसपास, किंमत मात्र १० डॉलर जास्त. दोन कंपन्यांचे प्रोसेसर एकास एक मोजायचे नसतात हे मान्य केलं, तरी तफावत डोळ्यांत भरण्यासारखी होती. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र त्या वेळच्या बहुतेक डायरेक्टएक्स ११ गेममध्ये १०६०च पुढे राहिलं, आणि तेही ४८०च्या १५०ऐवजी १२० वॉटच्या मर्यादेत.

यामागचं एक कारण एनव्हिडियाने जाहिरातीत कधी मिरवलंच नव्हतं. ऑगस्ट २०१६मध्ये डेव्हिड कँटर या चिप-अभ्यासकाने एक छोटा प्रोग्रॅम चालवून दाखवला: पडद्यावर त्रिकोण काढायचे आणि ते कुठल्या क्रमाने उमटतात ते मध्येच थांबवून पाहायचं. एएमडीचं कार्ड एक त्रिकोण पूर्ण करून मग दुसऱ्याला हात घालत होतं. एनव्हिडियाची कार्डं पडद्याचे छोटे चौकोन पाडून त्या-त्या चौकोनातलं सगळं काम एका बैठकीत उरकत होती. अंगणभर फिरत एकेक रंग भरण्यापेक्षा हाताच्या टप्प्यातली रांगोळी आधी पुरी करावी, तसं. त्यामुळे बरीचशी माहिती चिपवरच्या कॅशमध्येच राहते आणि बाहेरच्या मेमरीकडे हेलपाटे कमी होतात. १९२ जीबीत भागायचं ते असं.

एएमडीची सुरुवात आणखी एका गोष्टीने नासली. मूळ रचनेच्या ४८०ला एकच ६-पिन जोडणी होती. नियमाप्रमाणे तिच्यातून ७५ वॉट आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट घ्यायचे. कार्ड दोन्हीकडून जवळजवळ सारखंच ओढायचं, आणि एकूण मागणी १५०च्या वर गेली की स्लॉटवरही जादा भार यायचा. परीक्षकांनी मोजमापं छापली, स्वस्त मदरबोर्डवाल्यांच्या पोटात गोळा आला. आठवडाभरात ड्रायव्हर आला. त्याने भार ६-पिनकडे सरकवला आणि एकूण वापर कमी करणारं एक बटणही दिलं. दुरुस्ती चोख होती. पण पहिल्या पंधरवड्याची चर्चा फ्रेमऐवजी वॉटांवरच झाली.

लबाडीच्या खात्यात एनव्हिडियाचंही नाव आहे. ऑगस्टमध्ये आलेल्या ३ जीबीच्या १०६०मध्ये नुसती मेमरी अर्धी नव्हती, प्रोसेसरही ११५२च होते. नाव तेच. वेगळ्या कार्डाला वेगळा क्रमांक द्यायला काय हरकत होती, याचं पटेल असं उत्तर मिळालं नाही.

जुलैत ‘डूम’ या गेमला व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसचा पॅच मिळाला आणि ४८०चा वेग एकदम वाढला. एएमडीच्या मँटल प्रयोगातूनच जन्मलेल्या व्हल्कनमध्ये कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरचं ओझं आड येत नव्हतं. पुढे डायरेक्टएक्स १२चे गेम वाढले, ड्रायव्हर सुधारले आणि दोन्ही कार्डं जवळपास बरोबरीला आली. एएमडीचे चाहते याला ‘फाइन वाइन’ म्हणतात: जितकं जुनं, तितकं सरस. खरं तर ग्राहकाने २०१६मध्ये मोजलेल्या पैशांचा माल त्याच्या हातात हप्त्याहप्त्याने पडत होता. कौतुक करावं, पण बेतानेच.

२०१७च्या उन्हाळ्यात इथेरियमच्या मायनिंगची लाट आली. ते गणित मेमरीच्या वेगावर चालायचं, म्हणजे गेममध्ये पुरती कामी न आलेली ४८०ची बँडविड्थ इथे सोन्याच्या भावाने गेली. एप्रिलमध्ये आलेलं आरएक्स ५८० म्हणजे तीच चिप, घड्याळ थोडं चढवलेली, आणि मर्यादा १८५ वॉटची. तेही दुकानांतून गायब झालं. गेम खेळणाऱ्याला मिळेल ते, बऱ्याचदा १०६०, घ्यावं लागलं. लॅपटॉपमध्येही याच नावाची चिप बसत होती, आणि वर्षानुवर्षं स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत १०६० पहिल्या क्रमांकावर राहिलं; २०२२च्या अखेरीस जीटीएक्स १६५०ने त्याला खाली खेचलं. २०१८मध्ये मायनिंग ओसरल्यावर जुनी रेडिऑन कार्डं स्वस्तात बाहेर पडली. मेमरीचा वेग पिळण्यासाठी त्यांतल्या अनेकांचं बायोस बदललेलं असे. घेणाऱ्याला आधी मूळ बायोस शोधून चढवावं लागे, नाहीतर गेम सुरू होताच पडदा काळा.

गेम कंपन्यांनी ही जोडी बराच काळ धरून ठेवली. ‘एल्डन रिंग’च्या किमान अपेक्षेत २०२२मध्येही १०६० आणि ५८० शेजारी-शेजारी होते. २०२३च्या ‘अ‍ॅलन वेक २’ला मेश शेडर हवे होते, ते दोघांकडेही नाहीत. वर्षभराने आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमने तर रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर दारच बंद केलं.

नोव्हेंबर २०२३मध्ये एएमडीने ४८०च्या पिढीला मुख्य ड्रायव्हरमधून वेगळं काढलं. एनव्हिडियाने १०६०ला गेमसाठीचा नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंत दिला. तिमाही सुरक्षा-सुधारणा २०२८पर्यंत मिळतील. लिनक्सवर मात्र चित्र उलटं आहे. ४८०चा मुक्त ड्रायव्हर तिथे अजून चांगला चालतो. १०६०च्या मुक्त ड्रायव्हरला घड्याळाचा वेगच वाढवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं, एनव्हिडियाच्या सहीचं फर्मवेअर कंपनीने कधी दिलंच नाही.