तान्ह्या बाळाचा रात्रीचा ताप : घरगुती उपाय आणि निर्णयाची वेळ
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

सातारा व सांगली हे जिल्हे मुळात एकच होते. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास 'सांगली' हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा, मिरज या तालुक्यांत दवाखाना तुलनेने जवळ आहे. मात्र पाटण व जावळीचा डोंगराळ भाग, शिराळ्याचा चांदोलीलगतचा पट्टा आणि जतचा विस्तीर्ण दुष्काळी प्रदेश येथे रात्रीचा प्रवास सोपा नसतो. गळीत हंगामात फडालगतच्या कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची अडचण तर अधिकच बिकट असते. मध्यरात्री बाळाचे अंग तापले, तर लगेच निघावे की उजाडण्याची वाट पाहावी, हा प्रश्न अशा घरांत बहुधा आई व आजीलाच सोडवावा लागतो. या प्रश्नाचे उत्तर तापाच्या आकड्यापेक्षा बाळाचे वय व त्याची अवस्था यांवर अधिक अवलंबून असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ताप म्हणजे काय?

ताप हा स्वतंत्र रोग नसून जंतुसंसर्गास शरीराने दिलेला प्रतिसाद होय. सर्वसाधारणपणे ३८ अंश सेल्सिअस, म्हणजेच १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक तापमानास ताप म्हणतात. हाताच्या स्पर्शावरून काढलेला अंदाज फसवा असतो. म्हणून काखेत डिजिटल तापमापक ठेवून नोंद घ्यावी. शरीराचे तापमान साधारणतः सायंकाळी सर्वाधिक व पहाटे सर्वांत कमी असते. त्यामुळे पहाटे उतरलेला ताप म्हणजे बरा झालेला आजार, असा निष्कर्ष काढता येत नाही.

वयाचा निकष :

तीन महिन्यांखालील बाळास ताप आल्यास घरी औषध देऊन वाट पाहू नये. त्याच रात्री डॉक्टरांकडे न्यावे. या वयात रक्तातील जंतुसंसर्ग अथवा मेंदूज्वर केवळ तापाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. शासकीय आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकविल्या जाणाऱ्या एकात्मिक बालआजार व्यवस्थापन पद्धतीत दोन महिन्यांखालील बाळाच्या काखेतील ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ अंश फॅरनहाइट) तापमानही धोक्याचे लक्षण मानले आहे. इतकेच नव्हे, तर ३५.५ अंशांखाली गेलेले तापमान हेही गंभीर संसर्गाचे चिन्ह असू शकते. अंग गार पडले म्हणून निश्चिंत होणे यासाठीच धोक्याचे ठरते.

अवस्थेचा निकष :

वय तीन महिन्यांपेक्षा अधिक असले, तरी पुढीलपैकी एकही लक्षण आढळल्यास सकाळची वाट पाहू नये.

१) बाळ अंगावर पीत नाही अथवा प्रत्येक वेळी उलटी करते.
२) ते मलूल आहे, सहज जागे होत नाही किंवा सतत कण्हते.
३) श्वास जलद आहे, छाती आत ओढली जाते किंवा ओठ निळसर दिसतात.
४) टाळू फुगलेली आहे.
५) आठ तासांत लघवी झालेली नाही.
६) दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर आले आहेत.
७) झटके आले आहेत.

याउलट बाळ दूध पीत असेल, नजर देत असेल व मधूनमधून खेळत असेल, तर १०२ अंश ताप असूनही रात्रभर घरी लक्ष ठेवता येते. लसीकरणानंतर एक-दोन दिवस येणारा ताप बहुधा याच प्रकारचा असतो. तथापि तेव्हाही वयाचा निकष विसरू नये.

घरगुती उपचार व औषधाची मात्रा :

थंडीच्या भीतीने बाळास दुपट्यात व गोधडीत गुंडाळण्याची पद्धत सर्वत्र आढळते. अतिरिक्त कपड्यांमुळे उष्णता अडकते. म्हणून सैल सुती कपडे घालावेत व स्तनपान वारंवार द्यावे. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवण्याची प्रथा रूढ असली, तरी मिठाचा विशेष उपयोग नाही. बर्फाच्या पाण्याने हुडहुडी भरते व आतील तापमान उलट वाढू शकते.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते. एका वेळी दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत, असा नियम आहे. खरा धोका बाटलीत असतो. प्रचलित थेंबांच्या औषधात १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते. सहा किलोच्या बाळासाठी ९० मिलिग्रॅम म्हणजे थेंबांचे ०.९ मिलिलिटर किंवा सिरपचे ३.६ मिलिलिटर होतात. सिरपचे माप थेंबांच्या बाटलीतून दिल्यास चौपट औषध पोटात जाते. म्हणून बाटलीवरील मजकूर उजेडात वाचावा. ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून प्रतिबंधित आहे.

झटके आल्यास बाळास कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे व तोंडात काहीही घालू नये. कांदा अथवा चप्पल हुंगविण्यात केवळ वेळ जातो. बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. न थांबल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका त्वरित बोलवावी. मात्र ते थांबले, तरी तपासणी आवश्यकच असते.

समारोप :

ही चिन्हे ओळखण्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींमागे याच अनुभवाचा आधार आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून थर्मामीटर वाचणे, मात्रा मोजणे व वरील सात लक्षणे ओळखणे या तीन गोष्टी दत्तक गावात सहज शिकविता येतील. पाटणच्या वाडीवरील किंवा जतच्या वस्तीवरील आईला रात्री दोन वाजता निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी लागणारे ज्ञान तिच्यापर्यंत दिवसा पोहोचविणे, ही शिक्षणसंस्थांचीही जबाबदारी आहे.