सदस्य कोणाला म्हणावे? : अमेरिकी इंटिरियर डिझायनर संघटनांचा मागोवा (१९३१–२०२२)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडी फर्निचरच्या कारखान्यांसाठी नावाजलेले होते. महामंदीमुळे या कारखान्यांचा धंदा बसलेला असताना, १९३१ मध्ये तेथील फर्निचर व्यवसायाच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिरियर डेकोरेटर्स’ ही सजावटकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि विल्यम आर. मूर तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३६ मध्ये नाव आटोपशीर करून ते ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ डेकोरेटर्स’ असे ठेवण्यात आले आणि पुढे आद्याक्षरांवरून ती ‘एआयडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. वैद्यक किंवा वकिली यांच्या संघटना विद्यापीठांच्या किंवा न्यायालयांच्या आश्रयाने वाढल्या. ही संघटना मात्र बाजाराच्या अंगणात जन्मली. माल विकणाऱ्याला ज्याची गरज वाटते असा सल्लागार आणि ग्राहकाचे हित पाहणारा सल्लागार हे एकाच व्यक्तीत कसे नांदावेत, हा प्रश्न त्यामुळे तिच्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा राहिला. तिच्या पुढील इतिहासातील बहुतेक फुटी, विलीनीकरणे आणि नेतृत्वबदल याच प्रश्नाच्या एका रूपाभोवती, म्हणजे संघटनेत कोणाला घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे या वादाभोवती फिरत राहिले.

या व्यवसायाची वाट १९३१ पूर्वी मुख्यतः स्त्रियांनी पाडली होती. कँडेस व्हीलर यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘सोसायटी ऑफ डेकोरेटिव्ह आर्ट’ स्थापन करून स्त्रियांच्या हस्तकौशल्याला विक्रीची जागा मिळवून दिली आणि १८९५ मध्ये, गृहसजावट हा स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, असे लेखाद्वारे जाहीरपणे मांडले. एल्सी द वुल्फ यांना १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॉलनी क्लब’ या स्त्रियांच्या क्लबच्या अंतर्गत सजावटीचे काम मिळाले आणि मानधन घेऊन सजावट करून देणारी व्यक्ती ही कल्पना त्या कामामुळे समाजात रुजली. १९१४ मध्ये न्यूयॉर्कमधील स्त्री-सजावटकारांनी ‘डेकोरेटर्स क्लब’ काढला, तर १९१६ मध्ये शेरिल व्हिटन यांनी या विषयाचे स्वतंत्र शिक्षण देणारी ‘न्यूयॉर्क स्कूल ऑफ इंटिरियर डिझाइन’ सुरू केली. इतकी पूर्वपीठिका असूनही पहिल्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्षपद पुरुषाकडे गेले. त्या काळाच्या रीतीत ते बसणारे होते, तरी व्यवसायाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट नजरेआड करणे अन्यायाचे ठरेल.

सदस्यत्वाचा प्रश्न इतका नाजूक का होता, हे कळण्यासाठी सजावटकाराच्या कमाईची रीत पाहावी लागते. कापड, दिवे, गालिचे आणि फर्निचर यांचे उत्पादक आपला माल केवळ व्यावसायिकांसाठी राखलेल्या दालनांत ठेवत, तेथे सामान्य गिऱ्हाइकाला थेट खरेदी करता येत नसे आणि सजावटकाराला तो माल घाऊक दराने मिळत असे. हाच माल किरकोळ दराने ग्राहकाच्या घरी पोचला की मधला फरक सजावटकाराच्या पदरात पडे. स्वतंत्र सल्लाशुल्क अनेकदा घेतलेच जात नसे, म्हणजे विचार, आराखडा आणि देखरेख यांचे मोल मालाच्या किमतीत बेमालूम मिसळून जाई. अशा व्यवस्थेत संघटनेचे सदस्यत्व ही उत्पादकाला दाखवायची ओळख होती, कारण खरा व्यावसायिक कोण आणि स्वतःच्या घरासाठी सवलतीत माल उचलू पाहणारा हौशी कोण, हे दालनाच्या दारावरच ठरवावे लागे. त्यामुळे सदस्यत्वाच्या अटी सैल केल्या तर उत्पादक नाराज होत आणि कडक केल्या तर होतकरू मंडळी बाहेर राहत.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रीतीला पहिला मोठा तडा गेला. काचेच्या आणि पोलादाच्या उंच इमारतींत कंपन्यांची कार्यालये थाटली जाऊ लागली. शेकडो माणसांची बैठक, फायलींची ये-जा, टेलिफोनच्या तारा, प्रकाश आणि आवाज यांचा मेळ घालणारे काम पडदे आणि सोफा निवडण्याच्या कामाहून वेगळ्या तयारीचे होते. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या फ्लॉरेन्स नॉल यांच्या ‘नॉल प्लॅनिंग युनिट’ने या कामाचा वस्तुपाठ घालून दिला. त्या युनिटमध्ये आराखडा आखण्याआधी कार्यालयातील प्रत्येक विभागाची गरज विचारून नोंदवली जात असे आणि कापडाचे लहान तुकडे आराखड्यावरच चिकटवून ग्राहकापुढे मांडले जात असत. जुन्या संघटनेला हा बदल दिसत होता, पण पचत नव्हता. १९५७ मध्ये असंतुष्ट सदस्यांनी वेगळे होऊन ‘नॅशनल सोसायटी ऑफ इंटिरियर डिझायनर्स’ स्थापन केली. १९६१ मध्ये मूळ संघटनेनेही आपल्या नावातील ‘डेकोरेटर्स’ काढून ‘इंटिरियर डिझायनर्स’ हे शब्द घेतले. कार्यालयीन कामे करणाऱ्यांना या दोन्ही घरांत आपले घर सापडले नाही, म्हणून १९६९ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस डिझायनर्स’ ही तिसरी संघटना रीतसर नोंदली गेली. एका लहानशा व्यवसायाच्या तीन संघटना आणि तीन सदस्यनोंदी झाल्यावर सामान्य ग्राहकाने कोणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवावा, हे कोणालाच सांगता येईना.

या गोंधळातून वाट निघाली ती शिक्षक आणि परीक्षक यांच्या कामातून. १९६३ मध्ये इंटिरियर डिझाइन शिकवणाऱ्यांची परिषद स्थापन झाली आणि १९७० मध्ये अभ्यासक्रमांची तपासणी करून त्यांना मान्यता देणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. शिवाय जुन्या दोन संघटनांनी आपसांतील स्पर्धा बाजूला ठेवून एक सामाईक परीक्षा घेण्याचे ठरवले. त्या परीक्षेसाठी स्थापलेली ‘नॅशनल कौन्सिल फॉर इंटिरियर डिझाइन क्वालिफिकेशन’ ही परिषद १९७४ मध्ये रीतसर नोंदली गेली आणि तिच्या परीक्षेचे नाव आजही आद्याक्षरांनी ‘एनसीआयडीक्यू’ असेच घेतले जाते. लगेच १९७५ मध्ये त्या दोन्ही संघटना विलीन होऊन ‘अमेरिकन सोसायटी ऑफ इंटिरियर डिझायनर्स’, म्हणजे ‘एएसआयडी’, अस्तित्वात आली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी विलीनीकरण आणि मग परीक्षा असे झाले असते, तर कोणत्या संघटनेचे सदस्य खरे, यावर पदाधिकाऱ्यांची भांडणे वर्षानुवर्षे चालली असती. आधी निकष ठरल्यामुळे नेतृत्वाची वाटणी हा दुय्यम प्रश्न राहिला. नव्या संघटनेतील ‘व्यावसायिक सदस्य’ या दर्जासाठी ही परीक्षा ही अट ठरली आणि जे व्यवसायात आहेत पण परीक्षा उत्तीर्ण नाहीत, त्यांच्यासाठी ‘संलग्न सदस्य’ असा वेगळा वर्ग राहिला.

या परीक्षेला बसण्यासाठी शिक्षण आणि अनुभव मिळून किमान ६ वर्षांची तयारी लागते. रंगसंगतीची जाण तीत गृहीत धरली जाते. खरी कसोटी लागते ती जागेच्या सुरक्षिततेची. उमेदवाराला दिलेल्या आराखड्यात बाहेर पडण्याचे मार्ग आखावे लागतात, दार कोणत्या दिशेने उघडावे हे ठरवावे लागते आणि प्रसाधनगृहात चाकाच्या खुर्चीला वळता यावे म्हणून ६० इंच व्यासाची मोकळी जागा सोडावी लागते. या गोष्टींना एवढे महत्त्व का, याचे उत्तर बॉस्टनमधील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबच्या आगीत सापडते. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तेथील तळघरातल्या बारमध्ये कापडाने मढवलेल्या छताने आणि कृत्रिम ताडाच्या झाडांनी पेट घेतला, मुख्य प्रवेशद्वाराचे फिरते दार माणसांच्या रेट्याने अडकले आणि ४९२ जण मृत्युमुखी पडले. ज्या वस्तूंमुळे ती जागा रम्य वाटत होती, त्यांनीच आग पसरवली. त्या दशकात ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ या चाचणीसंस्थेतील अल्बर्ट स्टाइनर यांनी विकसित केलेल्या बोगदा-चाचणीत २४ फूट लांबीचा नमुना बोगद्याच्या छताशी बसवून एका टोकाला ज्योत लावतात आणि १० मिनिटांत ती किती दूरवर पसरते, हे खिडक्यांतून पाहून मोजतात. त्यावरून साहित्याला जो अंक मिळतो तो २५ किंवा त्याहून कमी असेल, तर ते सर्वांत सुरक्षित वर्गात धरले जाते. हा अंक वाचता न येणाऱ्याने सार्वजनिक जागेच्या भिंती मढवू नयेत, ही संघटनेची भूमिका सर्वस्वी रास्त होती. नोव्हेंबर १९८० मध्ये लास व्हेगासच्या ‘एमजीएम ग्रँड’ हॉटेलच्या आगीत ८५ माणसे गेली आणि त्यातील बहुसंख्य ज्वाळांपासून दूर, धुराने आणि विषारी वायूने मेली. त्यानंतर ही भूमिका अधिकच बळकट झाली.

रास्त भूमिकेचे रूपांतर कायद्यात करताना मात्र संघटनेच्या नेतृत्वाचा तोल ढळला. अशा कायद्यांचे दोन प्रकार असतात. पदसंरक्षण कायद्याने विशिष्ट पदवी लावण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत व्यक्तींना मिळतो, काम मात्र कोणीही करू शकतो. व्यवसायसंरक्षण कायद्याने नोंदणी नसलेल्याला कामच करता येत नाही. १९८२ मध्ये अलाबामा राज्याने पहिल्या प्रकारचा कायदा केला, तेव्हा तो व्यवसायाच्या प्रतिष्ठेचा विजय मानला गेला. पुढे २००१ मध्ये त्याच राज्याने दुसऱ्या प्रकारचा कायदा केला आणि २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यघटनेशी विसंगत ठरवून रद्द केला. ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ या विधिसंस्थेने अन्य राज्यांतही अशा कायद्यांविरुद्ध मोहीम चालवली. एखाद्या घरातील उशा आणि पडदे निवडणाऱ्या व्यक्तीला परवान्याची सक्ती केल्याने लोकांचे कोणते रक्षण होते, या तिच्या प्रश्नाला संघटनेजवळ पटण्याजोगे उत्तर नव्हते. रुग्णालयाची मार्गिका आणि घरातील बैठकीची खोली यांना एकाच मापाने मोजण्याचा आग्रह धरल्यामुळे, मार्गिकेविषयीचा खरा युक्तिवादही लोकांच्या नजरेत संशयास्पद ठरला. बाहेरच्यांना अडवण्यावर खर्च झालेली शक्ती आतल्यांची पात्रता लोकांना समजावून देण्यावर खर्च झाली असती, तर ही पीछेहाट टळली असती.

दरम्यान १९९४ मध्ये कार्यालयीन डिझायनरांची संघटना, संघराज्य सरकारच्या सेवेतील डिझायनरांची परिषद आणि १९७९ मध्ये स्थापन झालेली आणखी एक संघटना अशा तिघींनी एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल इंटिरियर डिझाइन असोसिएशन’ची शिकागोत स्थापना केली. एएसआयडी वेगळीच राहिली, त्यामुळे दोन मोठ्या संघटनांचे द्वैत आजही टिकून आहे. शिकागोच्या संघटनेची कार्यकारी धुरा १९९८ पासून दीर्घकाळ शेरिल डर्स्ट यांच्याकडे राहिली. कृष्णवर्णीय डिझायनरांची संख्या ज्या व्यवसायात तुटपुंजी आहे, त्याच्या एका प्रमुख संघटनेचे नेतृत्व आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी स्त्रीने इतकी वर्षे करावे, हा १९३१ च्या परिषदेपासूनचा मोठा पल्ला आहे. अध्यक्ष ठरावीक मुदतीने बदलत राहतात. संघटनेची स्मृती आणि धोरणाचे सातत्य पगारी मुख्य कार्यकारी अधिकारी सांभाळतो, हेही या कारकिर्दीवरून ध्यानात येते. एएसआयडीने आपली बाजू वेगळ्या मार्गाने मांडली. वॉशिंग्टनमधील तिच्या नव्या मुख्यालयाला २०१७ पर्यंत ऊर्जा-पर्यावरणविषयक ‘लीड’ आणि माणसांच्या आरोग्याशी संबंधित ‘वेल’ या दोन्ही मानांकनांची ‘प्लॅटिनम’ श्रेणी मिळाली. दिवसाच्या प्रहरांनुसार बदलणारा प्रकाश आणि कामाच्या स्वरूपानुसार निवडता येणाऱ्या बैठकीच्या जागा तेथे प्रत्यक्ष वापरात असल्याने, सदस्यांच्या ज्ञानाचा उपयोग काय, हे आता तेथे जाऊन पाहता येते.

२०२० मध्ये फ्लोरिडा राज्याने परवान्याची सक्ती उठवून नोंदणी ऐच्छिक केली, पण त्याच कायद्याने परीक्षा उत्तीर्ण नोंदणीकृत डिझायनरला आपल्या आराखड्यावर शिक्का मारून तो बांधकाम-परवानगीसाठी सादर करण्याचा अधिकार राखला. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये आणि विस्कॉन्सिन व इलिनॉय यांनी २०२२ मध्ये याच धर्तीवर कायदे केले. या रचनेत कोणाच्याही पोटावर पाय येत नाही आणि ज्याने अभ्यास केला त्याच्या सहीला वजन मिळते. चाळीस वर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर हाती आलेली ही तडजोड १९७४ च्या परीक्षेच्या मूळ भूमिकेला अधिक जवळची आहे.

भारतातील वाटचाल या घडामोडींशी ताडून पाहण्यासारखी आहे. १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि १९२९ पासून ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ या नावाने ओळखली जाणारी वास्तुविशारदांची संघटना १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवून मध्यमवर्गाला आधुनिक घराची अंतर्गत मांडणी दाखवत होती, म्हणजे अंतर्गत सजावट हा तेव्हा वास्तुविशारदांच्याच कक्षेतील विषय होता. ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स’ ही स्वतंत्र संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी संसदेने वास्तुविशारद कायदा केला. त्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या पदाला संरक्षण मिळाले. इंटिरियर डिझायनरला तसे संरक्षण देणारा केंद्रीय कायदा झाला नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७२ चा कायदा पदाचे रक्षण करतो, कामावर बंदी घालत नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून भारतीय संघटनेला सदस्यांची पात्रता स्वतःच्या नियमांनी ठरवावी आणि ग्राहकाला पटवून द्यावी लागते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल परिसरातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हा छताच्या आच्छादनाला वापरलेल्या ज्वालाग्राही साहित्याची चर्चा वृत्तपत्रांत बराच काळ चालू राहिली. अशा जागांच्या साहित्याला मान्यता देणाऱ्या डिझायनरची परीक्षा कोणी आणि कोणत्या निकषावर घ्यावी, हा विषय भारतातील व्यावसायिक संघटनांपुढे त्या आगीने ठेवला आहे आणि त्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.