छोट्या डेस्कटॉप संगणकातील रॅमची मर्यादा व वाढ

छोटा डेस्कटॉप संगणक म्हणजे पडदा, कळफलक व माऊस वेगळे जोडावे लागणारा, परंतु मुख्य पेटी जाडजूड पुस्तकाएवढी किंवा त्याहूनही लहान असलेला संगणक. बाजारात त्याला ‘मिनी पीसी’ म्हणतात. कार्यालयांसाठी बनवलेल्या अशा अनेक पेट्यांचे घनफळ सुमारे एक लिटर असते. ॲपलचा मॅक मिनी, इंटेलचा नक, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. जागा व वीज यांची बचत हा त्याचा गुण. पुढे भर घालण्यास थोडाच वाव, ही त्याची उणीव. ही उणीव सर्वांत अधिक जाणवते ती रॅमच्या बाबतीत. म्हणून असा संगणक घेताना आज रॅम किती आहे याबरोबरच ती पुढे किती वाढवता येईल हेही पाहावे लागते.

रॅम व साठवण

दुकानात ‘पाचशे जीबी मेमरी’ असे सर्रास म्हटले जाते. तेथे अभिप्रेत असते ती साठवण. रॅम ही चालू कामापुरती जागा आहे आणि वीज गेली की ती रिकामी होते. कोकणातल्या वाचकाला हा भेद आंब्याच्या हंगामावरून समजावा. कोठीत आंबे कितीही असोत, एका वेळी निवडता येतात ते खळ्यात पसरतील तेवढेच. खळे भरले की काही आंबे आत न्यावे लागतात आणि पुन्हा बाहेर आणावे लागतात. रॅम भरल्यावर संगणकही हेच करतो. काही माहिती साठवणीत हलवतो, लागली की परत आणतो. साठवण रॅमपेक्षा फार मंद असल्यामुळे संगणक रेंगाळतो. प्रोसेसर जुना झाला असा समज करून यंत्र टाकून दिले जाते, तेव्हा पुष्कळदा खरी अडचण ही असते.

मर्यादेचे प्रकार

‘या संगणकाला अमुक जीबीपर्यंत रॅम चालते’ या विधानामागे एकाहून अधिक कारणे असू शकतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिली मर्यादा गणिताची आहे. ३२ बिटांच्या पद्धतीत स्मृतीतील प्रत्येक बाइटला दिलेला पत्ता ३२ अंकी द्विमान संख्येचा असतो. असे पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. हे ४ जीबी झाले. त्यांपैकी काही पत्ते ग्राफिक्स व अन्य उपकरणांना द्यावे लागतात. त्यामुळे ३२ बिटांच्या विंडोजवर ४ जीबी रॅम बसवूनही साधारण ३ ते साडेतीन जीबीच वापरात येते. ६४ बिटांच्या पद्धतीत ही अडचण उरली नाही.

दुसरी मर्यादा प्रोसेसरची किंवा चिपसेटची. इंटेलच्या २००८ मधील डी९४५जीसीएलएफ या ॲटम प्रोसेसरच्या छोट्या मदरबोर्डवर रॅमचा एकच स्लॉट होता आणि कमाल मर्यादा २ जीबी होती. २०२३ मध्ये आलेला एन१०० हा प्रोसेसर आज स्वस्त मिनी पीसींमध्ये फार दिसतो. त्याची अधिकृत मर्यादा १६ जीबी असून त्याला रॅमची एकच वाहिनी आहे. अशा यंत्रात ‘पुढे ६४ जीबी करू’ हा बेत निरर्थक ठरतो.

तिसरी मर्यादा निर्मात्याने कागदावर लिहिलेली, आणि ती नेहमी खरीच असते असे नाही. यंत्र बाजारात येते त्या वेळी उपलब्ध असलेल्या रॅमपट्ट्यांवर चाचणी करून निर्माता आकडा छापतो. पुढे अधिक क्षमतेच्या पट्ट्या निघतात आणि काही यंत्रे त्या स्वीकारतात. २००९ च्या मॅक मिनीची अधिकृत मर्यादा ४ जीबी होती, पण त्यात ८ जीबी चालत असे. एन१०० च्या संगणकात ३२ जीबीची पट्टी चालल्याचे अनुभवही वापरकर्त्यांनी नोंदवले आहेत. तथापि अशा अनुभवांच्या भरवशावर शाळेचे किंवा वाचनालयाचे पैसे गुंतवणे योग्य नाही. पट्टी न चालल्यास दाद मागता येत नाही.

चौथी गोष्ट स्लॉटची व पिढीची. छोट्या संगणकांत लॅपटॉपचीच आखूड पट्टी, म्हणजे एसओ-डिम, वापरतात. तिच्या डीडीआर३ प्रकाराला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. खाचांच्या जागाही भिन्न असल्याने एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ८ जीबीची एक पट्टी लावून दुसरा स्लॉट मोकळा ठेवलेले यंत्र आणि ४ जीबीच्या दोन पट्ट्या लावलेले यंत्र यांत आज रॅम सारखीच दिसते. दुसऱ्यात दोन वाहिन्यांमुळे वेग थोडा अधिक मिळतो, विशेषतः ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर. पण वाढ करताना तेथे जुनी पट्टी काढून टाकावी लागते, पहिल्यात नुसती एक भर घालावी लागते.

आणि जेथे रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असते, तेथे हा सारा विचार खरेदीच्या दिवशीच संपतो. रास्पबेरी पाय हा सर्वांत स्वस्त छोट्या संगणकांपैकी एक. त्याच्या प्रत्येक प्रतिकृतीत रॅम अशीच असते.

मॅक मिनीचा इतिहास

वाढवता येणे आणि न येणे यांत निर्माते कसे हेलकावे खातात हे मॅक मिनीवरून दिसते. जानेवारी २००५ मध्ये तो आला तेव्हा त्यात २५६ एमबी रॅम होती व एका स्लॉटमुळे ती १ जीबीपर्यंत वाढत असे. परंतु पेटी उघडण्यास स्क्रू नव्हते, लोक भिंतीला लांबी भरण्याची पातळ पट्टी फटीत घालून ती उघडत. २०१० मध्ये तळाला हाताने फिरवून काढता येणारे गोल झाकण आले आणि रॅम बदलणे मुलांनाही जमेल इतके सोपे झाले. २०१४ मध्ये रॅम सोल्डर केली गेली. २०१८ मध्ये स्लॉट परत आले व मर्यादा ६४ जीबीवर गेली. २०२० च्या एम१ प्रोसेसरपासून रॅम प्रोसेसरच्या आवेष्टनातच बसवली जाऊ लागली आणि कमाल आकडा १६ जीबीवर उतरला. २०२४ च्या एम४ मॅक मिनीत किमान रॅमच १६ जीबी आहे.

या बदलाला केवळ नफेखोरी म्हणणे अन्यायाचे होईल. प्रोसेसरच्या अगदी जवळ जोडलेली रॅम अधिक वेगाने व कमी विजेत चालते, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांना ती सामाईक वापरता येते. मात्र अधिक रॅमचे जे पैसे ग्राहक पूर्वी चार वर्षांनी बाजारभावाने देत असे, ते आता पहिल्याच दिवशी निर्मात्याने ठरवलेल्या दराने द्यावे लागतात.

महाराष्ट्रातील शाळांच्या संदर्भात

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे एक्सओ संगणक मुलांना दिले गेले. त्यांत २५६ एमबी रॅम व १ जीबी साठवण होती आणि दोन्ही मदरबोर्डवर पक्की होती. हे लॅपटॉप होते, तरी प्रश्न तोच. सोबतची प्रणाली याच मापात बेतलेली असल्याने ते चालत. मात्र पुढे आंतरजालावरील पाने व कार्यक्रम फुगत गेले, तशी या यंत्रांना वाढीची वाट नव्हती.

शाळेच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. अनुदान किंवा देणगी एकदाच येते, पुढची केव्हा येईल ते सांगता येत नाही. स्लॉट असलेले दहा एकसारखे संगणक घेतले, तर पुढे प्रत्येकात एकेक पट्टी वाढवण्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतूनही भागतो, आणि एक यंत्र निकामी झाले तर त्याची पट्टी दुसऱ्याच्या कामी येते. सोल्डर केलेल्या यंत्राच्या बाबतीत यांपैकी काहीच करता येत नाही.

विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण सांगितली आहे. ४ जीबीवर ती सुरू होते, एवढेच म्हणता येईल. मराठी टंकलेखन, हिशेब व थोडा न्याहाळक यांसाठी ८ जीबी आज पुरते, पाच-सहा वर्षांचा विचार असेल तर १६ जीबी धरावी. जुने संगणक घेताना आणखी एक अट आहे: विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालते आणि टीपीएम २.० मागते. त्याआधीच्या यंत्रात रॅम वाढवून ही अट पुरी होत नाही. तेथे लिनक्स बसवणे हाच मार्ग.

किनारपट्टीवरील वापर

देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या समुद्रकाठच्या गावात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. खारी हवा व पावसाळ्यातील दमटपणा यांनी पट्टीच्या व स्लॉटच्या संपर्कबिंदूंवर थर बसतो. संगणक सुरू होत नाही, नुसता बीप-बीप वाजतो. वीज बंद करून, अडॅप्टर काढून, पट्टी बाहेर घ्यावी, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवावी. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. सोल्डर केलेल्या रॅमला असे उघडे संपर्क नसल्याने ही तक्रार मुळात कमी. पण एखादी चिप खरोखरच बिघडली, तर पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो. दुरुस्तीला देवगड, मालवण किंवा कणकवली गाठणाऱ्याला पट्टी पिशवीत घालून नेता येणे आणि अख्खे यंत्र कारखान्याच्या केंद्राकडे पाठवून वाट पाहणे यांतला फरक सांगायला नको. या भागासाठी स्लॉटचे यंत्र अधिक सोयीचे, असेच म्हणावे लागते.

‘रॅम पुढे स्वस्त होईल, तेव्हा घेऊ’ हा हिशेब मात्र नेहमी जुळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर चढल्या. शिवाय एखादी पिढी मागे पडली की तिच्या नव्या पट्ट्या मिळणेच दुर्मीळ होते. डीडीआर२ च्या बाबतीत हे घडले आहे. मोकळा स्लॉट असला तरी त्यात भर शक्यतो पहिल्या दोन-तीन वर्षांत घालावी.

खरेदीपूर्वीची पाहणी

चालू असलेल्या विंडोज संगणकावर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात मेमरी निवडल्यास किती स्लॉटपैकी किती वापरात आहेत ते दिसते. तेथेच ‘फॉर्म फॅक्टर’ समोर एसओ-डिम लिहिले असेल तर रॅम पट्टीच्या रूपात आहे. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिले असेल तर ती बहुधा सोल्डर केलेली असते. नवे यंत्र बंद खोक्यात असल्यास निर्मात्याच्या तपशीलपत्रकात ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘एलपीडीडीआर’ हे शब्द शोधावेत. ते आढळल्यास पट्टीचा स्वतंत्र स्लॉट आहे का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे, तसेच झाकण उघडल्याने हमी रद्द होते का हेही विचारून ठेवावे.