डॉक्टरांच्या कामाचे तास

डॉक्टरांच्या मनावरील ताणाविषयी डॉक्टरांनी बोलावे, फार तर मानसशास्त्रज्ञांनी. कामगार संघटनेच्या माणसाचे तेथे काय काम, अशी शंका श्रोत्यांना येणे साहजिक आहे. आमचे वैद्यकाचे ज्ञान खाटेवर पडलेल्या रोग्याइतकेच. परंतु या विषयावर जे जे आम्ही वाचले, त्यात कामाचे तास, रात्रपाळी, साप्ताहिक सुटी, बदली माणूस हेच शब्द पुन्हा पुन्हा भेटले. आणि या शब्दांशी आमची ओळख जुनी आहे.

सगळेच डॉक्टर एका रांगेत बसवता येणार नाहीत. स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर आपली वेळ थोडीफार तरी आपण ठरवतो. आम्ही बोलणार आहोत ते मोठ्या सार्वजनिक इस्पितळांतील निवासी डॉक्टरांविषयी. एम.बी.बी.एस. होऊन पुढील पदवीसाठी तीन वर्षे राहिलेली ही पंचविशी-तिशीतील मुले-मुली कागदावर विद्यार्थी असतात; प्रत्यक्षात इस्पितळाचा गाडा तीच ओढतात. दिवसभर वॉर्ड, मग रात्रीची ड्यूटी, आणि उजाडले की पुन्हा वॉर्डाची फेरी, असे सलग ३६ तास काम हा अनेक ठिकाणचा रिवाजच होऊन बसला आहे. यात घर कोठे बसवायचे? आईच्या आजारपणाला जायचे तरी बदली कोण देणार, हा पहिला प्रश्न.

ही पद्धत आली अमेरिकेतून. बाल्टिमोर शहरी १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ उघडले. तेथे विल्यम हाल्स्टेड या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या शिक्षणाची ही घडी बसवली. शिकणाऱ्याने इस्पितळातच राहायचे, म्हणून तो ‘निवासी’. हाल्स्टेड मोठा माणूस होता यात वाद नाही. मात्र कोकेनवर प्रयोग करता करता तो स्वतः त्याच्या आहारी गेला होता, आणि पुढे जडलेले मॉर्फिन त्याला अखेरपर्यंत सुटले नाही. जुन्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

जागरणाने काय होते ते मोजलेले आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवले की सलग २४ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे जसे चालतात, तसे ते १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १०० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाचे चालतात. आपल्याकडे मोटार चालवणाऱ्यास कायद्याने मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे ज्या अवस्थेशी तुलना होते, त्या अवस्थेत पोलीस गाडीचे चाक हाती धरू देणार नाही. सलाईनची सुई मात्र धरलेली चालते! बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. लांब पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात त्यांच्या हातून गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक घडल्या होत्या. तेव्हा हा प्रश्न खाटेवरच्या माणसाचाही आहे.

नियम नाहीत असे नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी इस्पितळात दगावली. तिच्या पत्रकार वडिलांनी प्रकरण लावून धरले, आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. आपल्या केंद्र सरकारने तर १९९२ मध्येच सलग १२ आणि आठवड्यास ४८ तास असे लिहून दिले होते. पुढे २०२३ च्या नियमांत तो आकडा दिसत नाही. तेथे ‘वाजवी’ तास आहेत, आणि आठवड्याची सुटी आहे ती कामाची निकड पाहून. ‘वाजवी’ हा शब्द करारात आला की कामगार संघटनेचा माणूस चष्मा पुसून पुन्हा वाचतो. वाजवी कोणाच्या मते? २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुटी १८९० मध्ये मिळवली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने ४८ तासांचा आठवडा ठरवला. डॉक्टरांसाठी आपण अजून ७४ वर घासाघीस करीत आहोत.

त्याच २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात ड्यूटीवर असलेली एक डॉक्टर रात्री सभाकक्षात पाठ टेकायला गेली. तेथेच तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात ३६ तासांच्या ड्यूटीलाही अमानुष म्हटले.

इतके असूनही उपाय म्हणून पुढे येतात ती प्राणायामाची शिबिरे. प्राणायाम चांगलाच, पण शिबिराचा तास झोपेतूनच काढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या थकून विझण्याची नोंद घेतली, ती रोग म्हणून घेतली नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून घेतली. मग दुरुस्ती माणसाची करायची की जागेची?

एक आक्षेप मात्र खरा आहे. पाळ्या आखूड केल्या की रोगी अधिक वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि निरोप अर्धवट राहिला तर घात होतो. कारखान्यातही जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची खोड सांगूनच निघतो. उत्तर अमेरिकेतील नऊ इस्पितळांनी हा निरोप देण्याची ठरावीक रीत शिकवली, तेव्हा चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण निरोप घ्यायला दुसरा माणूस यावा लागतो. माणसे न वाढवता तास कमी केले तर तेच काम थोड्या वेळात कोंबले जाते. म्हणून आमचा आग्रह तासांइतकाच पदांचाही आहे. आपल्या गावच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात साध्या अर्जावर कोणाही नागरिकाला विचारता येते.