दोन फटफट्या, दोन तत्त्वें

वेगाची हौस ही तारुण्याची जुनी सोबतीण आहे. पूर्वीं ती घोड्याच्या पाठीवर भागविली जाई. आतां ती मोटारसायकलीवर भागविली जाते. कॉलेजांत जाणाऱ्या चिरंजीवांच्या खोलींत अशा एखाद्या गाडीचें चित्र टांगलेलें पाहून पुष्कळ आईबापांच्या छातींत धस्स होतें. ही भीति अगदींच खोटी नव्हे. परंतु ज्या वस्तूची भीति वाटते तिची नीट ओळख करून घेणें हाच भीतीवरचा उत्तम उपाय होय. म्हणून आज आम्हीं दोन नामांकित प्रतिस्पर्धी गाड्यांची तुलना वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. एक जपानची, १९९२ सालची होंडा फायरब्लेड. दुसरी इटलीची, १९९४ सालची डुकाटी ९१६. दोन्ही आतां जुन्या झाल्या खऱ्या. पण वेगवान् गाडी कशी असावी यासंबंधींचीं दोन निराळीं तत्त्वें या दोहोंइतकीं स्पष्टपणें क्वचितच समोरासमोर उभीं राहिलीं असतील.

वजनाचें गणित

अधिक वेग हवा तर मोठें इंजिन हवें, आणि मोठें इंजिन म्हटलें कीं मोठें वजन आलेंच, अशी त्यापूर्वीं सर्वसाधारण समजूत होती. त्या काळची यामाहा कंपनीची हजार सी.सी.ची गाडी तेल-पेट्रोल न भरतांही २०० किलोंहून जड भरे. होंडाचे अभियंते तादाओ बाबा यांनीं हा प्रश्न उलट्या बाजूनें सोडविला. शक्ति वाढविण्यापेक्षां वजन घटवावें, असें त्यांनीं ठरविलें. चार सिलिंडरांचें ८९३ सी.सी.चें इंजिन, सुमारें १२० अश्वशक्ति, आणि कोरडें वजन अवघें १८५ किलो, अशी त्यांची फायरब्लेड निघाली. शक्ति हजारांच्या पंक्तीची, आणि वजन मात्र त्या वेळच्या बहुतेक ७५० सी.सी. गाड्यांहूनही कमी!

वजन कमी झाल्यानें काय साधतें? भरलेली घागर कडेवर घेऊन वळणें आणि रिकामी घेऊन वळणें यांतील फरक आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, आणि वळणावर चालकाचें म्हणणें चटकन् ऐकते. शक्तीचा उपयोग सरळ रस्त्यावरच. हलकेपणाचा उपयोग मात्र पावलोपावलीं. अर्थात् या गुणास दोषाचीही जोड होती. पुढचें चाक १६ इंचांचें, नेहमींपेक्षां लहान, असल्यामुळें गाडी वळे झटकन्. पण खडबडीत रस्त्यावर तिचें हँडल हातांत थरथरूं लागे.

शर्यतीच्या पोटची लेक

डुकाटीची कथा निराळी. मास्सिमो तांबुरीनी या कलावंत अभियंत्यानें ९१६ ची घडण केली ती शर्यत डोळ्यांपुढें ठेवूनच. इंजिन दोनच सिलिंडरांचें, पण ते एकमेकांशीं काटकोनांत बसविलेले. त्यामुळें गाडी अंगानें सडपातळ राहते. सांगाडा पोलादी नळ्यांच्या जाळीचा. मागचें चाक एकाच बाजूनें धरलेलें, म्हणजे शर्यतींत तें झटपट बदलतां यावें. इतकेंच नव्हे, तर पुढच्या चाकाचा कलही चालकास आपल्या पसंतीप्रमाणें थोडा बदलून घेतां येतो.

या इंजिनाचें खरें वैशिष्ट्य त्याच्या झडपांत आहे. इतर इंजिनांत झडप उघडते ती यंत्राच्या रेट्यानें आणि मिटते ती स्प्रिंगच्या जोरानें. वेग फार वाढला कीं स्प्रिंगला तो झेपत नाहीं. फाबिओ तालिओनी यांनीं १९५६ सालीं डुकाटीच्या शर्यतीच्या गाडींत झडप उघडणें आणि मिटणें हीं दोन्ही कामें यंत्राकडेच सोंपविलीं. या रचनेस डेस्मोड्रोमिक म्हणतात. ९१६ ला तिचाच वारसा लाभला होता.

नियमांची करामत

आतां यांतील मौज पाहा. सुपरबाइकची जागतिक स्पर्धा १९८८ सालीं सुरू झाली. तींत बाजारांत विकली जाणारी गाडीच सुधारून उतरवावी लागते. त्या काळच्या नियमांप्रमाणें दोन सिलिंडरांच्या गाडीस १००० सी.सी.पर्यंत मुभा होती. चार सिलिंडरांच्या गाडीस मात्र ७५० चीच. त्यामुळें ८९३ सी.सी.च्या फायरब्लेडला या स्पर्धेचें दारच बंद! होंडास तेथें आरसी ४५ ही दुसरी गाडी पाठवावी लागली. इकडे डुकाटीवर १९९४ व १९९५ सालीं कार्ल फोगार्टी, आणि १९९६ सालीं ट्रॉय कॉर्सर हे जगज्जेते ठरले. १९९७ चा मान आरसी ४५ वर जॉन कोचिन्स्की यांनीं होंडास मिळवून दिला, तर १९९८ सालीं फोगार्टी यांनीं तो डुकाटीकडे परत नेला.

म्हणजे या दोन गाड्या त्या मैदानावर एकमेकींशीं कधीं झुंजल्याच नाहींत. एक केवळ रस्त्याकरितां जन्मली. दुसरी शर्यतीकरितां जन्मून रस्त्यावर आली.

रस्त्यावरचा निकाल

रस्त्यावर मात्र निकाल उलटा लागतो. डुकाटीची बैठक कठीण, हँडल खालीं; सारा भार मनगटांवर येतो. धुराड्याच्या नळ्या बैठकीखालूनच गेल्यामुळें गर्दींत अडकल्यास मांड्या शेकून निघतात. झडपांची ती नामी रचना वरचेवर तपासून घ्यावी लागते, आणि त्या कामास हात कुशल व खिसा जड लागतो. फायरब्लेड तुलनेनें निमूट नांदणारी. सकाळीं कामावर नेली, रविवारीं घाटांत नेली, तरी तिची तक्रार नसे.

काळानें दोघींचें भांडण तडजोडीनें मिटविलें. १९९८ सालीं यामाहानें आर-वन ही ९९८ सी.सी.ची, १७७ किलोंची गाडी काढून बाबांचेंच गणित पुढें नेलें. २००३ पासून चार सिलिंडरांसही हजार सी.सी.ची मुभा मिळाली, आणि २००७ सालीं फायरब्लेडच्या हजारी वंशजेवर जेम्स टोसलँड जगज्जेते झाले. उलट डुकाटीनेंही २०१८ सालीं पानिगाले व्ही-फोर ही चार सिलिंडरांची गाडी बाजारांत आणली. मांडीला मांडी लावून बसल्यावर प्रतिस्पर्धीही एकमेकांचे गुण घेतात तें असें.

शेवटीं दोन शब्द

आजच्या अशा गाड्यांची शक्ति २०० अश्वशक्तीच्या पलीकडे गेली आहे. ब्रेक व घसरण सांभाळणारीं विद्युत्-यंत्रें त्यांना आहेत. वरील दोन गाड्यांना तीं मुळींच नव्हतीं. परंतु निसर्गाचा हिशेब कोणतेंही यंत्र बदलूं शकत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर पुढें जाते. शर्यतीच्या मैदानांत समोरून बैलगाडी येत नाहीं, वळणावर वाळू पडलेली नसते, आणि घसरलेल्या चालकास मोकळी जागा मिळते. रस्त्यावर यांपैकीं कशाचीच हमी नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर तर दुचाकींना मज्जावच आहे.

तेव्हां हौस असणाऱ्या तरुणांस आम्ही एवढेंच सुचवूं कीं, वेग अनुभवावयाचा तर तो चेन्नई किंवा कोइमतूर येथील शर्यतीच्या मैदानावर, शिक्षकाच्या देखरेखीखालीं अनुभवावा. आणि आईबापांस विनंति अशी कीं, नुसत्या ‘नको’नें हौस मरत नाहीं, ती चोरून वाढते. मुलाबरोबर बसून गाडीचे गुणदोष समजून घ्यावे. बाबांच्या गाडीनें एक धडा सर्वांसच शिकविला आहे: किती जोरानें धांवतां यापेक्षां किती नेमकें वळतां आणि किती वेळेवर थांबतां, यांतच खरी थोरवी आहे.