पोटावरची पिशवी आणि सिस्टरची शिकवण

आतड्याच्या कर्करोगात किंवा आतडे फाटल्यास कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर आणून शिवावे लागते. हाच स्टोमा. शौच तेथून पिशवीत उतरते. शस्त्रक्रिया सर्जन करतात, पण पिशवी सांभाळायला शिकवते ती सिस्टर. (अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९५८ साली हे काम सुरू करणाऱ्या नॉर्मा गिल स्वतःच स्टोमाच्या रुग्ण होत्या.)

केळझरहून सेवाग्राम-नागपूरला गेलेल्या रुग्णाने टाके निघाले म्हणून सुटीची घाई करू नये. आधी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने पिशवी बदलून पाहावी. घरच्या एकानेही शिकावे. पिशवीच्या चकतीचे भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठे कापावे. जास्त झाले की मळ कातडीला लागतो, कातडी सोलवटते आणि मग चकती टिकतच नाही. आजूबाजूची कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, तेल लावू नये. तिसरा हिस्सा भरताच पिशवी रिकामी करावी. वैशाखात घामाने चकती लवकर सुटते.

पिशवी भरू नये म्हणून काही जण जेवणच तोडतात! तसे करू नका. काय खावे ते सिस्टरला न लाजता विचारा. निरोगी स्टोमा लाल, ओलसर असतो. तो काळा पडला, तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालय गाठा.