दम मारायचा की दम धरायचा?

शाळेत असताना तलावाच्या वीस फेऱ्या हसत मारणारे तुम्ही आता दुसऱ्याच फेरीला कठडा पकडताय? मग हे वाचा. पाकीट बाहेर ठेवून पाण्यात परतता येतं... फक्त पहिला महिना सांभाळा!

ठाणं म्हणजे तलावांचं शहर. कल्याण-डोंबिवलीच्या अंगालाच उल्हास नदीची खाडी. आता मासुंदा तलावात किंवा खाडीत सूर मारायचे दिवस राहिले नाहीत (मारूही नका, पाण्याचा रंग बघा!), पण एवढं पाणी आजूबाजूला असताना पोराला पोहता यायलाच हवं, हा इथल्या आईबाबांचा जुना हट्ट. म्हणून मे महिना आला की उन्हाळी बॅच. ठाण्यात मारोतराव शिंदे तरण तलाव, डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुलाचा तलाव. आधी कठडा धरून पाय मारायचे, मग फळी, मग एक दिवस सरांनी मागून दिलेला धक्का. नाकातोंडात पाणी, डोळे लाल आणि घरी आल्यावर राक्षसी भूक. अशी एक आख्खी पिढी या पट्ट्यात पोहायला शिकली. त्यातले काही जिल्हा पातळीपर्यंतही गेले.

मग दहावी आली. मग क्लास, मग इंजिनीअरिंग किंवा बी.कॉम., मग पहिला जॉब. आणि जॉबबरोबर आली ऑफिसखालची टपरी. तुम्ही म्हणाल, मी कुठे ओढतो, कधीतरी एखादी! पण ऑफिसातली खरी मीटिंग कॉन्फरन्स रूममध्ये नाही, तर टपरीवर होते हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाला प्रमोशन, कोण सोडून चाललंय, बॉसचा मूड कसा आहे... हे सगळं कटिंग आणि सिगरेटच्या मध्ये कळतं. एकाची दोन होते, दोनाची पाच. संध्याकाळी फास्ट लोकलमधून चेंगरून उतरलं की स्टेशनबाहेर आणखी एक. ही तर हक्काचीच!

पुढे घोडबंदर रोडला नाहीतर कल्याणच्या खडकपाड्याला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट होतो. ब्रोशरमधल्या निळ्याशार पूलचाही हप्ता आपणच भरत असतो. एका रविवारी जोश येतो, कपाटातून जुना गॉगल निघतो. पहिली फेरी झकास! अंगाला सगळं आठवतंय, हात बरोबर पडतायत. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर छाती भरून येते, तोंड वळवलं तरी हवा पुरत नाही, आणि माणूस कठडा धरून दहा वर्षांच्या शेजाऱ्याकडे बघत राहतो. तो पठ्ठ्या मजेत फेऱ्या मारत असतो.

पाणी खोटं बोलू देत नाही

जमिनीवर धाप लागली तर लपवता येते. रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना मोबाइल बघायचं निमित्त करून थांबता येतं. पाण्यात ही सोय नाही. फ्रीस्टाइलमध्ये श्वास तुमच्या मर्जीने नाही, हाताच्या लयीने घ्यावा लागतो. तोंड वळलं की तेवढ्यात घ्या, नाहीतर पुढच्या हाताची वाट बघा. शिवाय गळ्यापर्यंत पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पाण्याचा दाब छातीवर असतोच. प्रत्येक श्वास त्या दाबाला ढकलून घ्यायचा. धावणाऱ्यापेक्षा पोहणाऱ्याला सिगरेटचं बिल लवकर येतं ते यामुळे.

बिलातली सगळ्यात मोठी रक्कम कार्बन मोनॉक्साइडची. धुरातल्या या वायूला रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. म्हणजे आपल्या लोकलसारखंच. ऑक्सिजन डब्यात चढायच्या आत हा खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतो! त्यात निकोटीनमुळे नाडी आधीच वाढलेली आणि रक्तवाहिन्या आकसलेल्या. पाण्यात उतरण्यापूर्वीच इंजिन तापलेलं, आणि पेट्रोलमध्ये भेसळ.

गंमत म्हणजे हा रुमालवाला फार काळ बसत नाही. शेवटच्या सिगरेटनंतर साधारण चार-पाच तासांत निम्मा बाहेर पडतो, आणि एक-दोन दिवसांत रक्तातलं त्याचं प्रमाण न ओढणाऱ्याइतकं खाली येतं. दोन दिवस! फुफ्फुसं सुधारायला वेळ लागतो, पण रक्तातल्या सीट विकेंडला मोकळ्या होतात. सोमवारी सोडायची असं ठरवणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री सोडून बघावी, सोमवारी सकाळच्या बॅचला फरक पाण्यातच कळेल.

फुफ्फुसांचं गणित जरा सावकाश चालतं. अमेरिका आणि कॅनडातल्या जवळपास सहा हजार स्मोकर्सवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सोडणाऱ्यांची फुफ्फुसाची क्षमता पहिल्या वर्षात थोडी वाढली, तर ओढत राहणाऱ्यांची घसरतच गेली. वाढ थोडीच, हे खरं. फुफ्फुसांतले हवेचे फुगे एकदा फाटले की ते पुन्हा शिवता येत नाहीत. म्हणून चाळिशीपेक्षा तिशी बरी. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवून २००४ मध्ये जो निष्कर्ष आला तोही हेच सांगतो. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाही वर्षं जवळजवळ वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ आणि साठीत सोडणाऱ्यांनी तीन.

पण दहा वर्षांचा हिशोब करून कुणी सिगरेट सोडतं का हो? २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर भीतिदायक चित्र असतं. आपण अंगठ्याने ते झाकतो आणि पेटवतो. तिसावं वर्ष ते ऐंशीवं वर्ष हे अंतर फार लांबचं. दुसरी फेरी ते चौथी फेरी हे अंतर मात्र डोळ्यांसमोर असतं. मोजता येतं, आठवड्याला बदलताना दिसतं. माझ्या मते पाण्याची खरी मदत इथे आहे.

तहसीलदार पुन्हा पाण्यात

परतता येतं का, हा प्रश्न पडला असेल तर कोल्हापूरच्या वीरधवल खाडेकडे बघा. सिगरेटशी त्याच्या गोष्टीचा काही संबंध नाही, पण नोकरीमुळे पाण्यापासून तुटणं आणि पुन्हा येणं त्याच्याइतकं कुणी दाखवलेलं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं. आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं भारताचं त्याआधीचं पदक होतं खजान सिंगचं, १९८६ सालचं! मग वीरधवल महाराष्ट्र सरकारमध्ये तहसीलदार झाला. फायली, दौरे, जबाबदाऱ्या. स्पर्धा काही वर्षं सुटल्याच.

आणि मग तो परत आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल. वेळ २२.४७ सेकंद. ब्राँझ हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. चौथा नंबर! एवढ्या गॅपनंतर एवढ्या जवळ येणं ही काय चीज आहे, हे ज्याने दुसऱ्या फेरीत कठडा धरलाय त्यालाच कळेल. पुढे २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने या प्रकारात सोनं घेतलं आणि मगच स्पर्धांना रामराम केला.

पहिला महिना खडूस

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. सोडल्यावर पोहणं लगेच सोपं होत नाही, उलट काही दिवस जास्त वैताग येतो. श्वासनलिकांमध्ये बारीक केसांसारखे तंतू असतात, घरातल्या झाडूसारखे. धुराने ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की हळूहळू कामाला लागतात आणि वर्षांचा कचरा बाहेर काढतात. परिणाम? खोकला, कफ. मग माणूस म्हणतो, ओढत होतो तेव्हा खोकला नव्हता, सोडली आणि सुरू झाला! हा खोकला म्हणजे घरात रंगकाम चालू आहे. काही आठवड्यांत आटपतं. (महिनाभरात कमी झाला नाही, किंवा कफात रक्त दिसलं, तर मात्र डॉक्टर. तिथे रंगकामाची कारणं चालणार नाहीत.)

तलफ सगळ्यात जास्त छळते ती पहिले दोन-तीन दिवस, मग तीन-चार आठवड्यांत उतरत जाते. एकेक झटका काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यात पाण्यात असाल तर सुटलात, कारण पाण्यात पेटवता येत नाही! थोडा वेळ व्यायाम केला की तलफ तात्पुरती कमी होते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण नुसत्या व्यायामाने सिगरेट कायमची सुटते असा भक्कम पुरावा नाही, तेव्हा पोहायला लागलो की आपोआप सुटेल या भ्रमात राहू नका. सोडायची वेगळी, पोहायचं वेगळं. दोन्ही एकमेकांचा हात धरतात इतकंच.

वजनही वाढतं. सोडणाऱ्यांचं पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. यावर वैतागू नका, थोडी चरबी पाण्यात तरंगायला मदतच करते!

पोहण्याचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे घड्याळ घरी ठेवा. एक फेरी, मग श्वास शांत होईपर्यंत थांबणं, मग पुढची. दर दुसऱ्या हाताला श्वास घ्या, तिसऱ्या हाताची स्टाइल नंतर. पाण्याखाली श्वास कोंडून किती वेळ राहतो याच्या पैजा अजिबात नकोत, त्यात चांगले चांगले पोहणारे बेशुद्ध पडलेत. पालिकेच्या तलावाला फॉर्मसोबत डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला लागतो. तो ओळखीच्या डॉक्टरकडून नुसता शिक्का मारून आणू नका. एवीतेवी दवाखान्यात जाताच आहात तर छाती तपासून घ्या आणि किती ओढता ते खरं सांगा.

गेटबाहेरची सिगरेट

सगळ्यात धोक्याची सिगरेट ऑफिसखालची नाही. ती तलावाच्या गेटबाहेर असते. पोहून झालंय, केस ओले, अंग हलकं, पोटात आग. बाहेर वडापावची गाडी, चहा, आणि बॅचमधला एखादा मित्र पेटवतोय. मनात विचार येतो, आत्ताच तर एवढा व्यायाम केला, एक चालते! सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, पण हे टपरीवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यामुळे आख्खं पाकीट घ्यावं लागेल म्हणून राहू दे, असा अडसरही नाही.

उपाय अगदी घरगुती आहे. बॅगेत केळी, चिक्की, थर्मासमध्ये आपला चहा. भूक गेटच्या आतच भागवायची आणि गाडीला किक मारायची. शक्य असेल तर सकाळची बॅच घ्या. पहाटे उठायचं म्हणजे रात्री लवकर झोपणं आलं, आणि रात्री अकरानंतरच्या त्या गॅलरीतल्या दोन सिगरेटी आपसूक गळतात.

निकोटीनची च्युइंगगम केमिस्टकडे मिळते. पण ती नेहमीच्या गमसारखी चघळायची नसते. सावकाश दोन-चारदा चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, पुन्हा थोड्या वेळाने चावायची. लगेच आधी कॉफी किंवा कोल्ड्रिंक प्यायलात तर ती नीट काम करत नाही. आणि पोहताना तोंडात ठेवायची नाही, घशात अडकेल! गमने भागत नसेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. केंद्र सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. थोर फुटबॉलपटू योहान क्रायफने १९९१ च्या बायपासनंतर सिगरेट सोडली, तेव्हा मॅच चालू असताना बाकावर बसून तो लॉलीपॉप चघळायचा. त्यामुळे तोंडात काहीतरी हवं असण्यात लाज कसली?

मात्र सिगरेटच्या जागी तंबाखूची पुडी नको. आपल्या महाराष्ट्रात हा धोका जास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत इथे शंभरातले जेमतेम चार जण ओढणारे निघाले, आणि चघळणारे-लावणारे चोवीसच्या आसपास. ई-सिगरेट तर २०१९ पासून देशात बंदच आहे.

तारीख ठरवा

नुसतं फिट व्हायचंय म्हणून पाण्यात गेलात तर पावसाळ्यात सुट्टी पडते ती दिवाळीपर्यंत. समोर तारीख हवी. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमध्ये समुद्रात पोहण्याची राज्यस्तरीय स्पर्धा भरते, लहान अंतराचे गटही असतात. कोकणात ट्रिप होते आणि पोहणंही. मुंबईत संकरॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे पाच किलोमीटर, तो पुढचा टप्पा. (धरमतर ते गेटवे ३६ किलोमीटर आहे. त्याचा विचार सध्या सोडा!)

तारकर्लीला स्कुबा करायचा प्लॅन असेल तर एक लक्षात ठेवा. डायव्हिंगआधी जगभर जो मेडिकल फॉर्म भरून घेतात त्यात पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, सध्या सिगरेट ओढता किंवा इतर मार्गाने निकोटीन श्वासातून घेता का, असा थेट प्रश्न असतो. उत्तर हो असेल तर आधी डॉक्टरची सही आणावी लागते.

आणि तलावातच राहायचं असेल तर मास्टर्स आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पोहण्यात पंचविसाव्या वर्षापासून माणूस मास्टर्स गटात धरला जातो, आणि पुढे दर पाच वर्षांचा एक गट. पंचवीस ते एकोणतीस, तीस ते चौतीस, असं करत नव्वदीच्याही पुढे. तीस पूर्ण झाली की आपल्या गटातले सगळ्यात तरुण आपणच. वाढदिवसाचं एवढं चांगलं गिफ्ट ऑफिसात कुणी देणार नाही!